क्लारा शूमानबाईंचा ‘त्याग’

युरोपीय संगीताविषयी चार शब्द लिहावयाचे झाले म्हणजे क्लारा शूमान यांची कथा हटकून सांगितली जाते, आणि ती नेहमी एकाच साच्यातून काढलेली असते. प्रतिभावान पण मनाने खचलेला पती रॉबर्ट. त्याच्यावर जीव ओवाळणारी, पियानोवादनात निष्णात अशी पत्नी. पुढे दाराशी येऊन उभा राहिलेला तरुण ब्राह्म्स. आणि अखेर पतीच्या कीर्तीसाठी स्वतःच्या रचनाशक्तीवर तुळशीपत्र ठेवणारी साध्वी. १९४४ साली जर्मनीत व १९४७ साली अमेरिकेत याच मासल्याचे बोलपट निघाले. प्रेक्षकांनी डोळे पुसले, आणि बाईंनी रचिलेले संगीत मात्र पुढे कित्येक वर्षे कपाटातच राहिले.

भाबड्यांचे सोडून द्या. पण जाणते म्हणविणारेही काही निराळे बोलत नाहीत. त्यांचे म्हणणे असे की, बाई वादक थोर, परंतु रचना हा त्यांचा प्रांतच नव्हे. खुद्द त्यांनीच १८३९ साली रोजनिशीत स्त्रीने रचनेची हाव धरू नये अशा अर्थाचे लिहून ठेविले आहे. झाले! आरोपीचा कबुलीजबाब मिळाला, आता साक्षीपुराव्याची गरज काय? पण ही रोजनिशी कोणाची, हे पाहावयास नको काय? क्लाराबाई लाइप्झिग येथे १८१९ साली जन्मल्या. त्यांचे वडील फ्रीडरिश वीक हे पियानोचे नामांकित शिक्षक. मुलगी सात वर्षांची असल्यापासून तिच्या नावाने, ‘मी’ असे म्हणून, रोजनिशी लिहावयास त्यांनीच प्रारंभ केला. जिचा ‘मी’सुद्धा दुसऱ्याच्या हाती वाढला, तिच्या विसाव्या वर्षीच्या एका उद्गारावर आयुष्याचा निकाल लावणे हा कोठला न्याय? शिवाय याच मुलीचा पियानो व वाद्यवृंद यांसाठी रचिलेला कंचेर्टो १८३५ च्या नोव्हेंबरात लाइप्झिगच्या गेवांडहाउसमध्ये मेंडेल्सझोन यांच्या संचालनाखाली वाजला होता, आणि तो वाजविणारी होती ती स्वतः, वय वर्षे सोळा. अंतिम भागाच्या वाद्ययोजनेस रॉबर्टचे साहाय्य होते, हे टीकाकार आवर्जून सांगतात. खुशाल सांगोत, पियानोतील कल्पना कोणाच्या, हे ते सांगत नाहीत.

विवाहास वीक यांचा इतका विरोध की प्रकरण न्यायालयात गेले. मुलीने स्वतःच्या बोटांनी मिळविलेला पैसाही त्यांनी अडकवून ठेविला. १२ सप्टेंबर १८४० रोजी, वयाची एकवीस वर्षे पुरी होण्याच्या आदल्या दिवशी, विवाह झाला. रॉबर्टने पत्नीच्या रचनांचे मनापासून कौतुक केले, यात शंका नाही. १८४१ साली दोघांच्या मिळून बारा गीतांचे पुस्तक निघाले; त्यांपैकी तीन बाईंची होती, पण कोणते गीत कोणाचे हे पुस्तकात सांगितलेच नव्हते, आणि टीकाकारांची तारांबळ उडाली. परंतु कौतुक निराळे आणि घराची भिंत निराळी. पती रचना करीत बसला म्हणजे पत्नीचा पियानो बंद. आवाज पलीकडे जातो! ही अडचण रॉबर्टने स्वतःच नमूद करून ठेविली आहे. त्यात एकामागून एक आठ बाळंतपणे. तशातही १८४६ साली पियानो, व्हायोलिन व चेलो यांची एक भरदार रचना त्यांनी सिद्ध केली.

आता १८५३ साल पाहा. ड्युसेलडॉर्फमध्ये बिऱ्हाड बदलले, आणि पतीस त्रास न होता पियानो वाजविता येईल अशी स्वतंत्र खोली बाईंना मिळाली. त्या उन्हाळ्यात काय घडले? रॉबर्टच्या एका स्वरकल्पनेवरील विस्तारमाला, पियानोसाठी तीन रोमान्स, व्हायोलिन व पियानोसाठी आणखी तीन, शिवाय सहा गीते! ज्यांना बाईंच्या ठायी रचनाशक्ती नव्हती असे वाटते, त्यांनी या एका खोलीचा उलगडा करून दाखवावा.

पुढील फेब्रुवारीत रॉबर्टने ऱ्हाइन नदीत उडी घेतली. त्यास वाचविले खरे, पण उरलेली दोन-अडीच वर्षे त्याची एंडेनिखच्या मनोरुग्णालयात गेली. जूनमध्ये बाईंना आठवे अपत्य झाले. ऑक्टोबरात त्या दौऱ्यावर निघाल्या. मदतीसाठी जलसा करू म्हणणाऱ्या स्नेह्यांना त्यांनी नकार दिला होता. जुलै १८५६ मध्ये पती वारला तेव्हा सात मुले पदरी, आणि थोरली अवघी चौदा वर्षांची. जलसा केला की त्या रात्री पैसा हाती येतो. रचनेला महिनोन्‌महिने लागतात, आणि भाडेकरी व शाळा तोवर थांबत नाहीत. एकट्या इंग्लंडास त्या एकोणीस वेळा गेल्या. १८७८ पासून १८९२ पर्यंत फ्रांकफुर्टच्या संगीतशाळेत शिकविले. त्यांच्या जलशांच्या तेराशेंहून अधिक कार्यक्रमपत्रिका आज जपलेल्या आहेत. याला त्याग म्हणावयाचे? हा संसाराचा जमाखर्च होय, आणि त्यात रचनेच्या खाती शिल्लक उरली नाही. ‘त्याग’ म्हटले की ऐकणाऱ्याचे काम सोपे होते; तिजवर हा भार का पडला, हे विचारावयास नको.

त्या देवी होत्या असेही कोणी समजू नये. लिस्टविषयीचा त्यांचा तिटकारा अनुदारपणाचा होता. आणि रॉबर्टने चेलोसाठी रचिलेले रोमान्स त्यांनी उतारवयात जाळून टाकिले, हे मला तरी क्षम्य वाटत नाही. पण साध्वीच्या चित्रात असले प्रसंग बसत नाहीत, म्हणून कथाकार ते गाळतात.

राहता राहिला १८५६ नंतरच्या मौनाचा मुद्दा. कागदावर त्यानंतर फारसे उतरले नाही, हे खरे. परंतु जलशात नेमलेली रचना सुरू करण्यापूर्वी त्या स्वतःचे चार स्वर आयत्या वेळी गुंफून प्रस्तावना वाजवीत, ही त्यांची जुनी सवय. १८९५ साली, मृत्यूपूर्वी काही महिने, पंचाहत्तरी उलटल्यावर, मुलींच्या आग्रहावरून त्यांनी त्यांपैकी काही प्रस्तावना लिहून काढिल्या. बाकीच्या ज्या त्या रात्रीच्या श्रोत्यांनी ऐकल्या, आणि टाळ्या पुढील रचनेस दिल्या.