लस एकच, बालकें भिन्न

लस टोचूनहि मूल आजारी पडलें, कीं घरांतील वडील मंडळी प्रथम आईस बोल लावितात: हिनें पथ्य पाळलें नाहीं, हिचें दूध हलकें. हा न्याय आम्हांस मुळींच मान्य नाहीं.

पश्चिम आफ्रिकेंतील गांबिया देशांत 207 जुळ्यांच्या जोड्या तपासण्यांत आल्या. त्याचा वृत्तांत 2004 सालीं प्रसिद्ध झाला. एकाच बीजापासून झालेल्या जुळ्यांचीं जनुकें सारखीं असतात. दोन बीजांपासून झालेलीं जुळीं इतर भावंडांइतकींच सारखीं. घर तेंच, आई तीच, दूधहि तेंच. तरी लशीनंतर रक्तांत उत्पन्न होणारे रोगनिवारक प्रतिपिंड पहिल्या प्रकारच्या जोड्यांत अधिक सारखे आढळले. बालकाबालकांतील फरकापैकीं कावीळ-ब लशीच्या बाबतींत 77 टक्के, तोंडानें द्यावयाच्या पोलिओ लशीच्या 60, घटसर्पाच्या 49 व धनुर्वाताच्या 44 टक्के भाग आनुवंशिक ठरला. (हे आंकडे फरकाचे आहेत, एखाद्या बालकाच्या शक्तीचे नव्हेत, गणिताच्या विद्यार्थ्यांनीं हा भेद ध्यानांत घ्यावा.)

ह्याचें एक कारण असें. आपल्या पेशींवर कांहीं प्रथिनें असतात. तीं जंतूचा तुकडा चिमटींत धरून रक्षक पेशींस दाखवितात. चिमटीची घडण ज्याची त्याची निराळी. कोणाच्या चिमटींत तुकडा घट्ट बसतो, कोणाच्या चिमटींतून निसटतो. 2024 सालीं युगांडा, माली व बुर्किना फासो येथील सुमारें अडीच हजार बालकांच्या अभ्यासांतहि, डांग्या खोकल्यासह कित्येक लशींबाबत, ह्याच प्रथिनांच्या जनुकांचा संबंध दिसून आला.

यावरून कोणी म्हणेल, रक्तांतच नसेल तर सुई कशाला? हा जुनाच दैववाद, नवा अंगरखा घालून आलेला. पहिल्या मात्रेस मंद प्रतिसाद देणारीं पुष्कळ बालकें पुढील मात्रांनीं सावरतात. आणि मंद कोण, हें बाळाच्या तोंडाकडे पाहून कळत नाहीं. सबब मात्रा सर्वांसच पुऱ्या द्यावयाच्या. गोवरासारख्या रोगांत तर शेजारच्या घरांतील टोचलेलीं मुलेंहि अशा बालकाचा आडोसा होतात.

धनुर्वाताचें मात्र तसें नाहीं. त्याचे जंतू मातींत असतात. तो माणसापासून माणसास लागत नाहीं. तेथें शेजाऱ्याची लस उपयोगीं पडत नाहीं, ज्याची त्यानेंच टोचून घेतली पाहिजे. भारताच्या लसीकरण-क्रमांत ती वयाच्या 10व्या व 16व्या वर्षीं पुन्हां टोचावयाची असते, आणि त्या वयाचीं मुलें आमच्याच वर्गांत बसलेलीं असतात.