उणे एक सेकंद

गेल्या अंकीं आम्हीं क्षयतिथीचें गणित मांडलें होतें, आणि या अंकीं अधिक मासाकडे वळावें असें योजिलें होतें. परंतु मध्यंतरीं घरांत एक प्रसंग घडला व त्यानें आमची लेखणी भलतीकडेच वळविली. वाचकांनीं अधिक मासाची प्रतीक्षा आणखी एक महिना करावी. तो कांहीं कोठें जात नाहीं.

आमच्या वडील चिरंजीवांची कन्या यंदा अकरावीस विज्ञानशाखेंत आहे. सहामाही परीक्षेंत पदार्थविज्ञानांत तिला पन्नासांपैकीं अकरा गुण मिळाले. शाखा बदलावयाची असल्यास शनिवारपर्यंत अर्ज द्यावा अशी सूचना महाविद्यालयांत लागली होती. घरांत लगेच दोन पक्ष पडले. आमच्या बंधूंचें म्हणणें, झेपत नाहीं तें ओझें मुलीच्या डोक्यावर ठेवण्यांत अर्थ नाहीं. तिच्या आईचें म्हणणें, एका परीक्षेवरून आयुष्याची वाट बदलूं नये. तिचे वडील नेहमींप्रमाणें दोन्ही बाजूंस मान डोलवीत होते. मुलगी मात्र कांहींच बोलेना. आणि अर्ज भरून तिच्या दप्तरांत तयार होता, हें आम्हांस मागाहून कळलें.

आम्हीं तिला ओसरीवर बोलावून वही मागितली. आमचें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें व पुढील सारें संस्कृत पाठशाळेंतील. परंतु शाळामास्तराची खोड अशी कीं, विषय येवो न येवो, चूक कोठें आहे तें पाहिल्यावांचून त्याला चैन पडत नाहीं. अडलेलें उदाहरण हें होतें: २० मीटर उंच गच्चीच्या कांठावरून एक चेंडू सेकंदास २५ मीटर वेगानें तिरपा वर फेंकला. त्या वेगाचा उभा घटक १५ मीटर आणि आडवा घटक २० मीटर आहे. चेंडू किती वेळानें व इमारतीच्या पायथ्यापासून किती दूर पडेल? गुरुत्वाचें त्वरण सोयीसाठीं १० धरावें. (वस्तुतः तें सुमारें ९.८ आहे.)

काळास क्ष म्हणून मुलीनें लिहिलें होतें: १५क्ष − ५क्ष² = २०. पांचांनीं भागून, पदें हलवून, क्ष² − ३क्ष + ४ = ०. आणि तेथें सारें थांबलें होतें.

"आजोबा, याला उत्तरच नाहीं. वर्गमुळाखालीं उणे सात येतें," ती म्हणाली. "तयार उत्तर फोनवर सांपडतें, मी तें उतरवूनही घेतें. पण दुसऱ्या दिवशीं आंकडे बदलले कीं पुन्हां तसेंच."

आमच्या धाकट्या सूनबाई तेथेंच मेथी निवडीत बसल्या होत्या. त्या पदार्थविज्ञानाच्या पदवीधर आहेत. ही गोष्ट लग्नाच्या वेळीं सर्वांनीं मोठ्या कौतुकानें एकमेकांस सांगितली होती. त्यानंतर बारा वर्षांत ती कोणाच्या स्मरणांत राहिली नव्हती, आमच्याही नाहीं. "मामंजी, मी जरा पाहूं का?" त्यांनीं विचारलें, आणि हात पुसून त्या वहीजवळ आल्या. समीकरणाकडे त्यांनीं पाहिलेंही नाहीं. त्यांनीं एवढेंच विचारलें, "आकृति कुठें आहे ग?"

आकृति नव्हती. सूनबाईंनीं ती काढवून घेतली: गच्ची, जमीन, चेंडूची वांकडी वाट. मग म्हणाल्या, "वेगाला तूं अधिक पंधरा म्हटलेंस, म्हणजे वर तें अधिक असें तूंच ठरविलेंस. आरंभ गच्चीवरून. आतां सांग, चेंडू शेवटीं पडतो तेव्हां तो आरंभाच्या वर आहे कीं खालीं?"

मुलगी क्षणभर थांबली आणि तिनें वीसाच्या मागें उणे चिन्ह घातलें. क्ष² − ३क्ष − ४ = ०. पृथक्करण सहज झालें. उत्तरें आलीं ४ आणि उणे १. वर्गमुळाखालील उणे सात तिला वस्तुतः खरेंच सांगत होतें. गच्चीच्याही वर वीस मीटरांपर्यंत हा चेंडू कधीं पोहोंचतच नाहीं. तो सव्वाअकरा मीटर चढतो आणि फिरतो. तिनें विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर 'कधींही नाहीं' हेंच होतें. प्रश्नच निराळा विचारला गेला होता.

आतां, चार सेकंद हें उत्तर मिळतांच मुलीनें पेनानें उणे एक खोडण्यास आरंभ केला. सूनबाई म्हणाल्या, "थांब, खोडूं नकोस. तें काय म्हणतें आहे?"

वाचकहो, येथें आमच्या मनांत कांहीं तरी चर्रर झालें. त्याचें कारण सांगतों. पुष्कळ वर्षांमागें आमच्या शाळेंतील विज्ञानाचे शिक्षक दीर्घ रजेवर गेले असतां त्यांच्या एका वर्गाच्या उत्तरपत्रिका आमच्याकडे तपासावयास आल्या. त्यांत याच धाटणीचें उदाहरण होतें. चेंडू तिरपा नव्हता, सरळ वर फेंकलेला होता. उत्तरसूचींत '४ सेकंद' एवढेंच छापलेलें. एका मुलानें ४ आणि उणे १ हीं दोन्ही उत्तरें लिहून खालीं एक ओळ जोडली होती कीं, चेंडू गच्चीवरून न निघतां जमिनीवरूनच निघाला असता, तर तो एक सेकंद आधीं निघाला असता. आम्हीं ती ओळ तांबड्या शाईनें काटली, 'काळ ऋण कसा?' असें समासांत लिहिलें आणि पांचांपैकीं दोन गुण कमी केले. मुलगा वर्गांत उठून कांहीं सांगूं लागला, तेव्हां "शहाणपणा पुरे" असें म्हणून त्यास खालीं बसविलें. तो बसला. पुढें त्यानें आम्हांस कधींच कांहीं विचारलें नाहीं.

त्या मुलाचें म्हणणें अक्षरशः खरें होतें, हें त्या दिवशीं ओसरीवर आमच्या नातीनेंच आम्हांस करून दाखविलें. जमिनीवरून सेकंदास २५ मीटर उभ्या वेगानें चेंडू वर फेंका. एका सेकंदांत तो २५ उणे ५, म्हणजे २० मीटर चढतो. त्याचा वेग दहांनीं घटून पंधरा होतो. अर्थात् गच्चीच्या कांठाशीं तो नेमका त्याच वेगानें पोहोंचतो ज्या वेगानें आपण तो तेथून फेंकला. समीकरणाला गच्चीवरील आपला हात ठाऊकच नसतो. त्याला ठाऊक असते ती चेंडूची संपूर्ण वाट. ती वाट जमिनीस दोन ठिकाणीं मिळते, एकदां एक सेकंद अगोदर व एकदां चार सेकंदांनंतर. शून्य कोठें धरावयाचें तें आपण ठरवितों. मग शून्याच्या अलीकडील काळास आपणच दचकावें, हें मोठें विचित्र.

आमच्या बचावासाठीं एक मोठें नांव आम्हीं मनांत पुढें केलें होतें, तेंही कबूल करतों. भास्कराचार्यांच्या बीजगणितांत वानरांचें एक प्रसिद्ध उदाहरण आहे. कळपाच्या पंचमांशांतून तीन वजा करून त्याचा वर्ग केला, तर तितके वानर गुहेंत गेले आणि एक बाहेर दिसला. तर एकंदर वानर किती? उत्तरें ५० आणि ५ अशीं दोन येतात. परंतु पांच घेतल्यास पंचमांशांतून तीन वजा जातां उणे दोन उरतात. म्हणून आचार्यांनीं तें दुसरें उत्तर सोडून दिलें. आम्हांस वाटे, आम्हीं त्यांचाच कित्ता गिरविला. पण तसें नव्हे. वानर उणे दोन असूं शकत नाहींत, हें आचार्यांनीं विचार करून ठरविलें. काळ उणे एक असूं शकतो कीं नाहीं, हा विचारच आम्हीं केला नाहीं. वजाबाकीचें चिन्ह दिसलें कीं काटावें, एवढाच आमचा न्याय.

असो. आडव्या अंगाचें काम मग फारच थोडें राहिलें. आडव्या दिशेनें चेंडूस ओढणारें कोणी नाहीं. सेकंदास २० मीटर हा वेग शेवटपर्यंत तसाच. चार सेकंदांत ८० मीटर. हवेचा अडथळा हिशेबांत नाहीं. खरा चेंडू याहून बराच अलीकडे पडेल, आणि हें पाठ्यपुस्तकांनीं अधिक मोकळेपणीं सांगावयास पाहिजे असें आम्हांस वाटतें. मुलें खेळणारीं असतात. ८० मीटर ऐकून त्यांस संशय येतो, आणि तो संशय बरोबरच असतो.

परंतु उभी गति आणि आडवी गति एकमेकींस विचारीत नाहींत, हें मुलीस खरें वाटेना. "पुढें जाणारा चेंडू उशिरांच पडणार ना, काकू?" सूनबाईंनीं दोन नाणीं मागितलीं. फडताळाच्या कडेशीं एक नाणें पट्टीच्या टोंकावर ठेवलें, दुसरें पट्टीच्या बाजूस टेंकवून कडेवर ठेवलें, आणि पट्टीस टिचकी मारली. पट्टी खालून निसटल्यामुळें एक नाणें सरळ खालीं पडलें, दुसरें दूर ओसरीच्या पायरीकडे उडालें. शहाबादी फरशीवर आवाज मात्र एकच झाला. आमच्या बंधूंनीं हें तीन वेळां करविलें, आणि चौथ्या वेळीं टिचकी स्वतः मारली.

हीच गोष्ट गॅलिलिओनें १६३८ मध्यें लायडन येथें छापलेल्या आपल्या ग्रंथांत सिद्ध केली. त्यापूर्वीं शतकानुशतकें विद्वान् लोक तोफेच्या गोळ्याची वाट अंदाजानें रेखाटीत आले होते. आडवी समान गति व उभी वाढती गति एकत्र येऊन जी वाट होते ती अन्वस्त, हें त्यानें दाखविलें.

दुसऱ्या दिवशीं सूनबाईंनीं मुलीस पुढच्या धड्यांतील उदाहरण घातलें. तें तिच्या वर्गांत अद्याप शिकविलेलेंही नव्हतें. दोन आडव्या धातुपट्ट्या, ४ सेंटिमीटर लांब, मधलें अंतर २ सेंटिमीटर, विभवांतर १०० व्होल्ट, वरची पट्टी धन. म्हणून विद्युत्क्षेत्र दर मीटरास ५,००० व्होल्ट. सेकंदास २ कोटी मीटर वेगानें एक इलेक्ट्रॉन मधोमध आडवा शिरतो. बाहेर पडेपर्यंत तो किती वळेल?

मुलीनें आकृति काढली, अक्ष ठरविले, आडव्या गतीवरून काळ काढला: सेकंदाचे दोन अब्जांश. आम्ही मनांत शाबासकी देतों न देतों तोंच तिनें सवयीनें त्वरण १० लिहिलें आणि बाण खालीं काढला. दोन चुका, आणि दोन्ही शिकण्यासारख्या. बाण वर पाहिजे. कारण क्षेत्राची दिशा धन पट्टीकडून ऋण पट्टीकडे, म्हणजे खालीं, आणि इलेक्ट्रॉनचा भार ऋण, म्हणून तो क्षेत्राच्या उलट जातो. त्वरणाची गोष्ट याहून खोल आहे. गुरुत्वाचें बल वस्तुमानाच्या प्रमाणांत असतें. त्यास वस्तुमानानेंच भागून त्वरण काढावयाचें, म्हणून वस्तुमान वरखालीं कटून जातें. म्हणूनच १९७१ मध्यें अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉट यानें चंद्रावर, हवा नसलेल्या ठिकाणीं, हातोडा व पीस एकदम सोडलें तेव्हां तीं बरोबरच पडलीं. विद्युत्क्षेत्रांत ही सवलत नाहीं. तेथें बल ठरतें भारावरून, आणि त्यास भागावयाचें वस्तुमानानें. कांहीं कटत नाहीं. प्रोटॉनाचा भार इलेक्ट्रॉनाइतकाच असतो, पण वस्तुमान सुमारें १,८३६ पट. म्हणून त्याच क्षेत्रांत त्याचें त्वरण १,८३६ पटींनीं कमी.

आंकडे घालून या इलेक्ट्रॉनाचें त्वरण आलें तें लीलावतींतील संख्यानामांनीं सांगावयाचें तर जवळजवळ नऊ जलधि, म्हणजे नऊवर चौदा शून्यें. वळण पावणेदोन मिलिमीटर. त्याच काळांत पृथ्वी त्यास किती खालीं ओढील, हें मुलीनें हौसेनें काढलें. तें अंतर प्रोटॉनाच्या त्रिज्येच्या चाळिसाव्या भागाएवढें निघालें, आणि आपण लिहिलेल्या १० या आंकड्यावर ती स्वतःच हंसली. एक इलेक्ट्रॉन व एक प्रोटॉन यांमधील विद्युत् आकर्षण त्यांच्यामधील गुरुत्वाकर्षणाच्या किती पट? परार्धाचा वर्ग करावा आणि त्यास पुन्हां सुमारें सव्वादोन लक्षांनीं गुणावें. तरीही ग्रहगोलांवर राज्य चालतें तें गुरुत्वाचें. कारण विजेचे धन-ऋण भार मोठ्या पिंडांत एकमेकांस फेडून टाकतात, आणि वस्तुमानास ऋण बाजूच नाहीं.

इलेक्ट्रॉनाची वाटही अन्वस्तच. केंब्रिज येथें जे. जे. थॉमसन यांनीं १८९७ मध्यें ऋणकिरण असेच पट्ट्यांमधून वळविले आणि त्यांच्या कणांचा भार व वस्तुमान यांचें गुणोत्तर काढलें. त्या हिशेबांतील उभा-आडवा विचार गच्चीवरील चेंडूचाच आहे. मुलीनें दोन्ही आकृत्या शेजारीं शेजारीं काढून ठेवल्या आहेत; एकीवर उलटा बाण आहे, एवढाच फरक.

शनिवार आला आणि गेला. अर्ज दप्तरांतच राहिला. पुढील परीक्षेंत काय होईल तें आम्ही सांगूं शकत नाहीं. धडे पुष्कळ आहेत आणि प्रकाशाचा धडा कठीण म्हणतात. सायंकाळीं मेथी निवडण्याचें काम सध्यां आमच्या बंधूंकडे व आमच्याकडे आलें आहे. त्यांत आम्हां दोघांची प्रगति बेताचीच आहे.

त्या जुन्या विद्यार्थ्याचें नांव आम्हांस नीट आठवतें, ठिकाण ठाऊक नाहीं. त्याचे दोन गुण आमच्याकडे देणें आहेत. हें त्याच्या वाचनांत आल्यास त्यानें संपादकांच्या पत्त्यावर एक ओळ लिहावी.

इतर वाचकांसाठीं नातीनें स्वतः रचलेलें एक उदाहरण देतों. त्याच २० मीटर उंच गच्चीवरून, त्याच २५ मीटर वेगानें चेंडू फेंकला. आडवा घटक २० मीटर, परंतु उभा घटक १५ मीटर या वेळीं खालच्या दिशेस. चेंडू केव्हां व किती दूर पडेल? काळाचीं उत्तरें दोन येतील. दोन्ही कळवावीं.