पिवळा ठिपका

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर, रविवारच्या दुसऱ्या मिस्सेनंतर, आमच्या धर्मग्रामातील एक गृहस्थ कागदांची पिशवी घेऊन माझ्या कार्यालयात आले. वडिलोपार्जित दहा गुंठ्यांची वाडी, वाडीत आजोबांनी बांधलेले कौलारू घर, घरामागे विहीर. आराखड्यात ही सारी जमीन हरित पट्ट्यात मोडते. धाकट्या मुलाचे लग्न ठरले होते आणि घराला दोन खोल्या जोडायच्या होत्या. कुणा जाणकाराने त्यांना अर्ज लिहून दिला होता : राहते घर पूर्वापार अस्तित्वात असल्याने सदर जमीन हरित क्षेत्रातून वगळून निवासी क्षेत्रात घ्यावी. खाली शेजाऱ्यांच्या बावीस सह्या होत्या. तेविसावी धर्मगुरूंची असली म्हणजे अर्जाला वजन येते, असे त्यांना सांगण्यात आले होते.

मी सही केली नाही.

त्यावरून पुढे जे बोलले गेले ते माझ्या कानांवर आले आहे. फादरांना संसार नाही, त्यांचे घर धर्मप्रांत सांभाळतो, त्यांना दोन खोल्यांची निकड काय कळणार! हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. त्यात तथ्य आहे. मात्र उत्तर एकट्या त्या गृहस्थांना देऊन भागणार नाही, कारण असा अर्ज त्यांचा एकट्याचा नाही. आगाशीपासून पापडीपर्यंत कोणत्याही वाडीत विचारा, हाच मजकूर, बहुधा त्याच हस्ताक्षरात, कुणाच्या ना कुणाच्या कपाटात सापडेल.

प्रथम हे मान्य करू या की गाऱ्हाणे खोटे नाही. ज्या घरात चार पिढ्या नांदल्या, जेथून आजोबांची शवपेटी उचलली गेली, ते घर कार्यालयातील नकाशावर दिसतही नाही. नकाशा रंगवणाऱ्याने त्या जागी सरसकट हिरवा रंग फासला आणि घरधनी स्वतःच्याच अंगणात संशयित ठरला. भिंत पडली तरी भीती, पत्रा बदलला तरी भीती, मग कुणाचा तरी हात ओला करणे आले. शेजारच्या रस्त्यावर सात मजले बिनबोभाट चढतात आणि याला मोरी बांधायला दाखला लागतो. या अन्यायाची चीड मलाही येते.

तथापि या दुखण्यावर जे औषध सुचविले जात आहे ते दुखण्याहून घातक आहे. का, ते सांगतो.

क्षेत्रबदल घराचा होत नसतो, जमिनीचा होत असतो. 'राहत्या घरासाठी' हे शब्द अर्जात राहतात, आदेशात मात्र गट क्रमांक आणि क्षेत्रफळ येते. दहा गुंठे म्हणजे १०,८९० चौरस फूट. घराचे जोते फार तर बाराशे चौरस फुटांचे. म्हणजे नऊ भागांपैकी एका भागावर घर आहे आणि उरलेल्या आठ भागांत केळी, अळू, मोगऱ्याचे ताटवे, चार माड, विहीर आणि पावसाळ्यात चिखल. अर्ज एका भागाच्या नावाने केला जातो आणि हिरवा रंग नऊही भागांवरून पुसला जातो. नकाशावर निवासी क्षेत्र पिवळ्या रंगाने दाखवितात. एकदा तो पिवळा ठिपका पडला की कौलारू घर त्या जमिनीवरील अडथळा ठरते. घर राहावे म्हणून केलेला अर्ज घराच्या मुळावर येतो. हे मी कल्पनेने लिहीत नाही. माझ्याच हातून आशीर्वादित झालेली तीन घरे मी गेल्या काही वर्षांत अशीच जमीनदोस्त झालेली पाहिली. तिन्ही ठिकाणी पहिला अर्ज घरदुरुस्तीसाठीच होता आणि दुसरा कागद कुलमुखत्यारपत्राचा होता.

आता त्या आठ भागांचा हिशेब मांडू. आपल्या भागात वर्षाला साधारण दोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो असे धरले, तर दहा गुंठ्यांच्या वाडीवर दर पावसाळ्यात सुमारे वीस लाख लिटर पाणी पडते. त्याचा चौथा हिस्सा जरी मातीत मुरला, तरी दहा हजार लिटरचे पन्नास टँकर झाले. हे पाणी सातबाऱ्यावर ज्याचे नाव आहे त्याच्याच विहिरीत जाऊन बसत नाही. ते वाळूतून शेजाऱ्याकडे, पलीकडच्या आळीत, ज्याला स्वतःची विहीरच नाही त्याच्याही बोअरिंगकडे जाते. किनारपट्टीत खाली समुद्राचे खारे पाणी असते आणि त्यावर गोड्या पाण्याचा थर तरंगत असतो. वरून मुरणे थांबले आणि उपसा वाढला की खारे पाणी वर सरकते. विहीर आटत नाही, ती मचूळ होते. आपल्या पूर्वजांना हे शास्त्र पुस्तकातून ठाऊक नव्हते, तरी त्यांनी गावोगावी बावखले राखली. ती कुणी बुजवली? कुणी परक्याने रात्री येऊन बुजवली नाहीत. आमच्याही चर्चच्या आवारात मोटारी लावण्यासाठी लादी बसविली गेली. तो निर्णय मी रुजू होण्यापूर्वीचा असला, तरी त्या लादीवर माझीही मोटार उभी असते, हे नमूद केलेले बरे.

मग या साऱ्याची छाननी सरकार करीत नाही काय? येथे कायद्याची गंमत पाहण्यासारखी आहे. पर्यावरणीय परिणामांच्या मूल्यांकनाची केंद्र सरकारची अधिसूचना प्रथम १९९४ साली निघाली व तिची जागा १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेने घेतली. तीनुसार बांधकाम प्रकल्पाला पर्यावरण परवानगी लागते ती बांधीव क्षेत्र वीस हजार चौरस मीटर किंवा त्याहून अधिक असेल तर. चटईक्षेत्र निर्देशांक एक धरून ढोबळ हिशेब केला, तर त्यासाठी सुमारे १९८ गुंठे, म्हणजे जवळजवळ पाच एकरांचा सलग तुकडा हवा. वसईत आज कोणाच्या एका सातबाऱ्यावर १९८ गुंठे आहेत? आमच्या वाड्या दहा-पंधरा गुंठ्यांच्या, त्यातही पाच भावांच्या वाटण्या. ज्या चाळणीची छिद्रे एवढी मोठी, तिच्यात आमचे गाव अडकायचेच नाही. बरे, जे अडकतात त्यांनाही या अधिसूचनेने बांधकाम व वसाहत प्रकल्पांसाठी जनसुनावणीतून सूट दिली आहे.

राज्याच्या नगररचना कायद्याचे तेच. १९६६ च्या त्या कायद्यातील कलम ३७ अन्वये मंजूर विकास आराखड्यात किरकोळ फेरबदल करता येतात, अट इतकीच की त्यामुळे आराखड्याचे मूळ स्वरूप बदलता कामा नये. हरकती मागविण्यासाठी एक महिन्याची सूचना निघते. त्यात पाण्याचा, पुराचा, मातीचा अहवाल जोडण्याचे बंधन कोठेही नाही. दहा गुंठ्यांनी आराखड्याचे स्वरूप बदलत नाही, हे अगदी खरे. पुढच्या दहा गुंठ्यांनीही बदलत नाही. शंभराव्या अर्जाच्या वेळीही तपासणारा अधिकारी प्रामाणिकपणे तेच लिहील आणि प्रत्येक वेळी त्याचे म्हणणे बरोबरच असेल.

याहून वेगळी रीत असू शकते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याचा १९७० चा पर्यावरण कायदा पाहा. तेथे नगराच्या क्षेत्ररचनेतील बदल हीच छाननीस पात्र कृती मानली जाते, आणि मोठी योजना लहान तुकड्यांत कापून छाननी चुकविणे न्यायालये खपवून घेत नाहीत. याउलट अस्तित्वात असलेल्या घराची दुरुस्ती व किरकोळ फेरफार मात्र छाननीतून सर्वसाधारणपणे मुक्त ठेवले आहेत. घराला मोकळीक आणि क्षेत्रबदलाला चौकशी : आपल्याकडे नेमके उलट झाले आहे. अर्थात तो कायदाही निष्कलंक नाही. सुस्थितीतील घरमालकांनी त्याचाच आधार घेऊन गरिबांसाठीची घरे वर्षानुवर्षे अडवून धरली, आणि अखेर २०२५ मध्ये तेथील विधिमंडळाला शहरांतील पुष्कळशा गृहबांधणीला त्यातून सूट द्यावी लागली. 'हिरवळ वाचवा' ही घोषणा शेजारी नको म्हणणाऱ्याच्याही तोंडी शोभून दिसते.

हा इशारा आपल्यालाही लागू आहे, म्हणून स्पष्टच लिहितो. पाणी गेले, पूर आला, गर्दी झाली, की आपल्या बैठकांतून बाहेरून आलेल्यांच्या नावाने बोटे मोडली जातात. नालासोपाऱ्याच्या पूर्वेला सांडपाणी प्रकल्प व कचराभूमीसाठी राखीव असलेल्या जागेवरील ४१ इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशाने २०२४ च्या अखेरीस आणि २०२५ च्या आरंभी पाडण्यात आल्या. तेथील कुटुंबांनीही पै-पै जोडून घर घेतले होते, त्यांचेही घर 'अस्तित्वात' होते. त्यांच्यासाठी आपल्यापैकी किती जणांनी प्रार्थना केली? परप्रांतीय माणूस वसईत आकाशातून उतरला नाही. आपण विकले तेथे तो राहिला.

जुन्या करारातील नाबोथाची कथा आपण प्रवचनांतून नेहमी ऐकतो. राजा अहाबाने त्याचा द्राक्षमळा मागितला, नाबोथाने वाडवडिलांचे वतन द्यायला नकार दिला आणि त्यापायी त्याचा जीव गेला. आपण स्वतःला नाबोथाच्या जागी बसवितो. परंतु ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समिती जेव्हा रस्त्यावर उतरली, तेव्हा नाबोथाची भूमिका थोड्यांनी घेतली, आणि आज त्याची नातवंडे स्वतःच अहाबाकडे अर्ज घेऊन निघाली आहेत. अहाबाला तरी त्या जागी भाजीचा मळा करायचा होता! दिब्रिटो २५ जुलै २०२४ रोजी आपल्यातून गेले. त्यांच्या अंत्ययात्रेत चाललेल्यांपैकी काहींची नावे मला त्या बावीस सह्यांतही आढळली.

जुलै २०१८ विसरलो काय आपण? सलग काही दिवस पाणी ओसरले नाही, गाड्या बंद, दिवे गेलेले, मिठागरातील वस्ती चहूबाजूंनी पाण्याने वेढलेली. त्यानंतर महापालिकेने 'नीरी' आणि मुंबईची आयआयटी यांच्याकडे पुराच्या कारणांचा अभ्यास सोपविला. अभ्यास झाला हे चांगलेच, परंतु मृत्यूनंतर केलेल्या तपासणीला शवविच्छेदन म्हणतात. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात, १८३ व्या परिच्छेदात, नेमके हेच बजावले आहे : परिणामांची तपासणी योजना ठरल्यावर करायची नसते, ती आरंभापासून आणि उघडपणे व्हावी आणि त्या चर्चेत स्थानिकांना विशेष स्थान असावे. हे परिपत्रक आपण धर्मग्रामाच्या सभेत वाचले, त्यावर भित्तिपत्रके केली, मुलांची चित्रकला स्पर्धाही घेतली.

'मग मुलाच्या खोल्यांचे काय, फादर? घर तर माझंच आहे ना?' त्या गृहस्थांचा प्रश्न अजून उभा आहे. माझे उत्तर असे. घर वाचविण्याचा रस्ता क्षेत्रबदलातून जात नाही, तो गावठाणातून जातो. जमीन महसूल संहितेच्या कलम १२२ अन्वये गावठाणाची हद्द ठरविण्याचा आणि वेळोवेळी बदलण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. वंशपरंपरागत वस्ती वाढली तर हद्दही वाढली पाहिजे, ही मागणी न्याय्य आहे आणि तीत लपविण्यासारखे काही नाही. मोजणी होऊ द्या, घर व त्याचे अंगण घर म्हणून नोंदले जाऊ द्या, दोन खोल्यांची मुभा त्या नोंदीवर मागा आणि उरलेली वाडी वाडीच राहू द्या. ज्यांना असे नको, ज्यांना नऊही भाग पिवळे हवेत, त्यांनी निदान मुलाच्या लग्नाचे नाव पुढे करू नये.

दुसरी मागणी महापालिकेकडे आणि शासनाकडे. आपल्या उपप्रदेशाचा मंजूर विकास आराखडा २००१ ते २०२१ या काळासाठी होता, ती मुदत केव्हाच उलटली. पुढील आराखड्यात एकेका गट क्रमांकाचा फेरबदल सुटा न तपासता संपूर्ण हरित पट्ट्याच्या पाण्याचा हिशेब आधी मांडावा, तो मराठीत छापावा, चावडीवर लावावा आणि मग हरकती मागवाव्यात. तोवर एकही तुकडा पिवळा करू नये. ही अट श्रीमंतांना लावावी तशी आपल्या माणसांनाही लावावी आणि चर्चच्या जमिनींनाही.

तो अर्ज मी त्या गृहस्थांना परत केला आणि सोबत कलम १२२ खालील मागणीचा एक कच्चा मसुदा दिला. त्यावर मात्र माझी सही पहिली आहे. त्यांनी अद्याप काही कळविलेले नाही. मुलाचे लग्न वसंतात आमच्याच चर्चमध्ये लागले, दोन खोल्या अजून झालेल्या नाहीत, हे मला ठाऊक आहे आणि बोचतेही. येत्या मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी मिस्सेनंतर आपण वाडीवाडीतल्या विहिरींची पातळी मोजणार आहोत. ज्यांच्याकडे विहीर शिल्लक आहे त्यांनी एक लांब दोरी, चाखून पाहायला पेला आणि जुन्या माणसांपैकी कुणीतरी एक, ज्याला पूर्वीची पातळी आठवते, एवढे बरोबर आणावे.