कादंबरीकाराची फेरी

नवी कादंबरी निघताच लेखकाने स्वतःच ती गावोगाव खपवीत हिंडावे, ही रीत रूढ झाली आहे; आणि सज्जन मंडळी त्याला फेरीवाला म्हणून नाके मुरडतात. दोष लेखकाचा नव्हे, व्यवस्थेचा आहे. ‘धग’ (१९६०) लिहिणाऱ्या उद्धव शेळक्यांनाही पोटासाठी खपाऊ कादंबऱ्यांचा रतीब घालावा लागला. वाचक नाहीत म्हणावे, तर नागपुरात दीक्षाभूमीवरून कष्टकरी माणसे दरवर्षी पिशव्या भरून पुस्तके नेतात. उणीव आहे ती सार्वजनिक खरेदीची. मद्रासच्या १९४८ च्या कायद्याने घरपट्टीवर ग्रंथालय-उपकर बसविला. महाराष्ट्राने १९६७ च्या कायद्यात तो टाळला. लेखकाला हिणविण्यापेक्षा कार्यकर्त्यांनी या उपकराची मागणी गावोगाव न्यावी. ती फेरी आपली आहे.