एकच आकडा, दोन लेन्स : झोनार, झेनॉन आणि उलटलेला निकाल

रेंजफाइंडर कॅमेऱ्यांचा इतिहास सांगताना एक निकाल बहुधा गृहीत धरलेला असतो : लायका टिकला, कॉन्टॅक्स संपला, अर्थात लायकाचे तंत्र श्रेष्ठ असले पाहिजे. टिकून राहणे हाच श्रेष्ठत्वाचा पुरावा मानण्याची ही सवय राजवटींच्या इतिहासातही आढळते, आणि तेथे ती जितकी फसवी तितकीच येथेही. १९३० च्या दशकातील ५० मिलिमीटरच्या दोन वेगवान लेन्स शेजारी ठेवल्या, तर हा निकाल फार काळ उभा राहत नाही. त्यासाठी हा दीर्घ थ्रेड.

आधी ‘वेगवान’ या शब्दाविषयी. लेन्सच्या नाभीय अंतराला तिच्या प्रकाशद्वाराच्या व्यासाने भागले की जो आकडा येतो, तो एफ-आकडा. आकडा जितका लहान तितका प्रकाश अधिक. १९२५ मध्ये लाइपझिगच्या वसंत जत्रेत ऑस्कर बार्नाक यांचा लायका लोकांसमोर आला, तेव्हा त्यावर माक्स बेरेक यांनी रचलेली एफ/३.५ ची लेन्स होती. एफ/१.५ ची लेन्स तिच्यापेक्षा सुमारे साडेपाच पट प्रकाश आत घेते. जेथे १/१० सेकंद शटर उघडे ठेवावे लागे, तेथे १/५० पुरे. हातात धरलेल्या कॅमेऱ्यासाठी हा फरक म्हणजे पुसट सावली आणि ओळखू येणारा चेहरा यांतला फरक. त्या काळची फिल्म मंद होती. दिव्याच्या उजेडात घडणारे जग टिपण्याचा भार जवळजवळ सगळा लेन्सवर होता.

हा भार प्रथम समर्थपणे पेलला तो ड्रेस्डेनच्या एर्नेमान कंपनीतल्या एका विशीतल्या तरुणाने. लुडविग बेर्टेले यांचा जन्म १९०० चा. त्यांची एर्नोस्टार लेन्स १९२४ च्या सुमारास एर्मानॉक्स या छोट्या प्लेट कॅमेऱ्यावर आली, प्रथम एफ/२ आणि पुढे एफ/१.८. एरिख सॉलोमन यांनी याच कॅमेऱ्याने न्यायालये आणि आंतरराष्ट्रीय परिषदा टिपल्या. मॅग्नेशियमच्या भडक्याची चाहूल लागताच नेते चेहरा सावरून बसत. सॉलोमन यांच्या छायाचित्रांत ते जांभया देतात, पेंगतात, एकमेकांच्या कानाशी लागतात. सत्तेचा बेसावध चेहरा सामान्य वाचकाला दिसू लागला, याचे काही श्रेय काचेच्या वक्रतेचे गणित मांडणाऱ्या या तरुणालाही द्यावे लागते. सॉलोमन ज्यू होते. १९४४ मध्ये आउशविट्झच्या छळछावणीत त्यांचा अंत झाला.

१९२६ मध्ये एर्नेमान झाइस इकॉनमध्ये विलीन झाली आणि बेर्टेले झाइसकडे आले. १९३२ मध्ये लायकाला उत्तर म्हणून कॉन्टॅक्स बाजारात आला. त्याच्यासाठी बेर्टेले यांनी झोनार रचली : एक एफ/२ ची, दुसरी एफ/१.५ ची. जर्मन भाषेतल्या सूर्यवाचक शब्दाशी जवळीक सांगणारे हे नाव ऐकून मराठी वाचकाला सोनार आठवला, तरी बिघडत नाही. कामाचा बारकावा त्याच जातीचा होता.

झोनार एफ/१.५ चे मर्म तिच्या रचनेत आहे. तिच्यात सात काचा आहेत, पण त्या एकमेकींना चिकटवून तीनच गट केलेले आहेत. चिकटवण्याचा हा खटाटोप कशासाठी? प्रकाश हवेतून काचेत किंवा काचेतून हवेत जातो, तेव्हा प्रत्येक पृष्ठभागावर त्याचा सुमारे ५ टक्के भाग परावर्तित होतो. हा परावर्तित प्रकाश नुसता वाया जात नाही; तो लेन्सच्या आत इकडून तिकडे उसळत राहतो आणि अखेरीस चित्रावर पांढुरके धुके पसरवतो. सावल्यांचा काळेपणा जातो, दिव्याभोवती तेजाची वलये उमटतात. चिकटवलेल्या दोन काचांच्या सांध्यावर मात्र परावर्तन नगण्य असते. पाउल रुडॉल्फ यांनी १८९६ मध्ये रचलेली झाइसचीच प्लानार ही दुरुस्तीच्या दृष्टीने अतिशय देखणी रचना होती; परंतु तिच्या चार गटांचे आठ पृष्ठभाग हवेला लागत, आणि म्हणून ती दीर्घकाळ मागे पडली. बेर्टेले यांनी पृष्ठभाग सहावर आणले.

लायट्झला उत्तर द्यायला १९३६ साल उजाडले. लायकासाठी आलेल्या झेनॉनवरही एफ/१.५ हाच आकडा होता. ही रचना मुळात लायट्झची नव्हती. ती श्नायडरकडून आलेली होती. काचा येथेही सात, पण गट पाच, म्हणजे हवेला लागणारे पृष्ठभाग दहा. आता साधा हिशेब करावा. सहा पृष्ठभागांवर प्रत्येकी ५ टक्के गमावून झोनारमधून सुमारे ७३ टक्के प्रकाश पार होतो. दहा पृष्ठभागांच्या झेनॉनमधून सुमारे ६० टक्के. कड्यावर कोरलेला आकडा एकच, पण फिल्मवर पोहोचणाऱ्या प्रकाशाच्या मापाने झेनॉन जवळजवळ एफ/१.९ ची ठरते, तर झोनार एफ/१.७५ ची. आणि जो प्रकाश पोहोचत नाही तो धुके होऊन आड येतो. १९३६ सालच्या निकषांवर या दोघींत श्रेष्ठ कोण, हा प्रश्न वास्तविक वादाचा नाहीच.

लेन्सबरोबर तिला नेमके रोखणारी यंत्रणाही पाहिली पाहिजे. ५० मिलिमीटरची लेन्स एफ/१.५ वर उघडून एक मीटरवरच्या माणसाकडे रोखली, तर स्पष्ट दिसणारी जाडी जेमतेम साडेतीन सेंटिमीटर असते. डोळा स्पष्ट, कान पुसट. रेंजफाइंडरच्या दोन खिडक्यांमधले अंतर जितके जास्त तितकी मोजणी अचूक. लायकात हे अंतर चार सेंटिमीटरहून किंचित कमी होते. पहिल्या कॉन्टॅक्समध्ये सुमारे दहा. १९३६ च्या कॉन्टॅक्स २ मध्ये रेंजफाइंडर आणि व्ह्यूफाइंडर एकाच खिडकीत आले; लायकाला ते साधायला १९५४ चा एम३ यावा लागला. अठरा वर्षांचे हे अंतर लायकाप्रेमी सहसा सांगत नाहीत. अर्थात दुसरी बाजूही आहे. कॉन्टॅक्सचे धातूच्या पट्ट्यांचे शटर गुंतागुंतीचे होते आणि पहिल्या मॉडेलमध्ये त्याने बराच त्रास दिला. लायका लहान, हलका आणि भरवशाचा होता. लोकांनी तो उगीच विकत घेतला नाही. पण चांगला कॅमेरा आणि चांगली लेन्स हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि एकाचे उत्तर दुसऱ्याच्या नावावर खपवणे योग्य नव्हे.

झोनारलाही दोष होते. प्रकाशद्वार लहान करत गेले की तिचा फोकस थोडा मागे सरकतो. रेंजफाइंडरमधून हे सरकणे दिसतच नाही, ते फिल्म धुतल्यावर कळते. शिवाय जाड, खोल वक्रतेच्या काचा घासून बिनचूक चिकटवणे खर्चिक होते.

मग निकाल उलटला कसा? येथे या कथेतला सर्वांत विलक्षण भाग येतो. झोनारचा पाया ज्याने काढून घेतला तो शत्रू झाइसच्याच घरात होता. ओलेक्सांडर स्माकुला हे युक्रेनियन भौतिकशास्त्रज्ञ. जन्म बेर्टेले यांच्याच वर्षी, १९०० मध्ये. येना येथील झाइसमध्ये काम करताना त्यांनी काचेवर अत्यंत पातळ पारदर्शक थर चढवून परावर्तन कमी करण्याची पद्धत शोधली. १९३५ मध्ये तिचे पेटंट नोंदले गेले. लष्करी उपयोगामुळे ही पद्धत काही काळ गुप्त राहिली. लेप चढला की प्रत्येक पृष्ठभागावरचे नुकसान एक-दीड टक्क्यावर येते. मग सहा पृष्ठभाग काय किंवा दहा काय, फरक थोड्याच टक्क्यांचा उरतो. काचा चिकटवून पृष्ठभाग वाचवण्याचे बेर्टेले यांचे सारे कौशल्य ज्या अडचणीवर उभे होते, ती अडचणच नाहीशी झाली. उलट हवेच्या मोकळ्या फटी ठेवणाऱ्या, प्लानारच्या कुळातल्या ‘डबल गॉस’ रचनेला चित्राच्या कडा सुधारण्याचे अधिक स्वातंत्र्य होते. ते आता कामी आले. लायट्झने १९४९ मध्ये आणलेली सुमारिट एफ/१.५ ही मुख्यतः लेप चढवलेली झेनॉनच होती. तीच रचना, वेगळे नशीब.

बाकीचे काम युद्धाने केले. १९४५ मध्ये ड्रेस्डेन बेचिराख झाले. माघार घेताना अमेरिकनांनी येनातले झाइसचे निवडक तज्ज्ञ पश्चिमेकडे नेले. स्माकुला पुढे अमेरिकेत गेले. सोव्हिएत संघाने कॉन्टॅक्सची यंत्रसामग्री कीव्हच्या आर्सेनल कारखान्यात हलवली. तेथून ‘कीव्ह’ नावाने कॉन्टॅक्सच निघू लागला आणि झोनार ‘युपिटर’ झाली. कॉन्टॅक्स बाजारातल्या स्पर्धेत हरला असे लिहिणाऱ्यांनी निदान या मालगाड्यांचा उल्लेख तरी करावा.

तिकडे जपानमध्ये निप्पॉन कोगाकूने झोनारच्याच पद्धतीवर निक्कोर लेन्स घडवल्या. १९५० मध्ये ‘लाइफ’चे छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकन यांनी टोकियोत त्या पाहिल्या, तपासल्या आणि आपल्या लायकांवर चढवून कोरियाच्या युद्धात नेल्या. जपानी लेन्स म्हणजे नक्कल, हा पाश्चात्त्य समज तेथून ढासळू लागला. नक्कल हा शब्द येथे आळशीपणाचा आहे. जर्मन पेटंटे युद्धानंतर खुली झाली होती. त्याच खुल्या रचनेतून कीव्ह आणि टोकियो येथे वेगवेगळ्या दर्जाच्या लेन्स निघाल्या. गणित उसने घेता येते. घासण्यातली, जुळवण्यातली, तपासणीतली शिस्त उसनी घेता येत नाही. मात्र निक्कोरच्या एफ/१.४ या आकड्याचे जे कौतुक झाले ते अवास्तव होते. एफ/१.५ पेक्षा एफ/१.४ मध्ये प्रकाश जास्त मिळतो तो १५ टक्के. जाहिरातीला पुरेसा, फिल्मला न जाणवणारा.

त्यानंतरची शर्यत आकड्यांचीच होती. १९५३ मध्ये झुनोव एफ/१.१, १९५६ मध्ये निक्कोर एफ/१.१, १९६१ मध्ये कॅनन ७ साठी एफ/०.९५. या लेन्स म्हणजे मोठे तांत्रिक पराक्रम होते यात शंका नाही. पण त्यांची गरज तेव्हा ओसरत चालली होती. १९५४ मध्ये कोडॅकची ट्राय-एक्स फिल्म ३५ मिलिमीटरमध्ये आली, आणि जो वेग लेन्समध्ये काच ओतून मिळवायचा तो फिल्मच्या डब्यात स्वस्तात मिळू लागला. ३० जानेवारी १९४८ च्या रात्री, दिल्लीत बिर्ला हाउसच्या फाटकाशी गांधीजींच्या हत्येची वार्ता सांगणाऱ्या नेहरूंचे आन्री कार्तिए-ब्रेसाँ यांनी टिपलेले छायाचित्र ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ठाऊक असेल की ते पुसट आहे, हललेले आहे. एफ/०.९५ ने तेथे नेमके काय अधिक दिले असते? जेमतेम दोन-तीन बोटांच्या जाडीत सापडलेला एक स्पष्ट चेहरा, आणि त्याच्याभोवतीच्या शोकाकुल गर्दीचा कदाचित पूर्ण लोप.

झोनारवर शेवटचा घाव लेप किंवा युद्ध यांपैकी कोणीच घातला नाही. तो आरशाने घातला. १९५९ मध्ये निकॉन एफ आला आणि व्यावसायिक छायाचित्रण एसएलआरकडे वळले. त्या कॅमेऱ्यात लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये वर उचलला जाणारा आरसा असतो, आणि त्याला जागा लागते. ५० मिलिमीटरच्या झोनारची मागची काच फिल्मच्या फार जवळ बसते. आरशाला ती वावच ठेवत नाही. डबल गॉसमध्ये ही जागा काढता आली. अर्ध्या शतकभर जगातल्या बहुतेक कॅमेऱ्यांवर जी स्टँडर्ड लेन्स बसली, ती म्हणूनच प्लानारच्या वंशातली होती. तिने झोनारपेक्षा चांगले चित्र दिले, असे सरसकट म्हणण्यास आधार नाही.

बेर्टेले पुढे स्वित्झर्लंडमध्ये गेले आणि विल्ड कंपनीसाठी हवाई सर्वेक्षणाच्या लेन्स रचू लागले. नकाशे काढणाऱ्यांच्या वर्तुळात त्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते. झाइसने २००० नंतरच्या दशकात ५० मिलिमीटर एफ/१.५ झोनार नव्या रूपात पुन्हा बाजारात आणली. फोकस सरकण्याचा तो जुना गुण तिच्यात कायम आहे, आणि ती बसते लायकाच्या एम माउंटवर.