परळच्या पदपथावरील पाहुणे

सकाळच्या प्रहरी कोणीही परळला डॉ. अर्नेस्ट बोर्जेस मार्गाने एक फेरी मारून पाहावी. जवळजवळ उभी असलेली टाटा, वाडिया आणि के. ई. एम. ही तीन मोठी रुग्णालये, आणि त्यांच्या सावलीत, पदपथाच्या कडेला, प्लास्टिकच्या कापडाखाली पसरलेली अंथरुणे, बोचकी, पाण्याच्या बाटल्या आणि रुग्णालयाचे कागद जिवापाड जपून ठेवलेल्या पिशव्या. ही माणसे भिकारी नव्हेत. कोणी बिहारमधला शेतकरी आहे, कोणी बंगालमधला दुकानदार, कोणी आसामच्या चहामळ्यातला मजूर. जमीन गहाण टाकून आणि दुभते जनावर विकून ती येथवर आलेली असतात. मुंबईपाशी ती नोकरी मागत नाहीत, घर मागत नाहीत. आपल्या माणसाचा जीव तेवढा मागतात!

१९४१ साली उघडलेल्या टाटा रुग्णालयाची कीर्ती देशाच्या कानाकोपऱ्यात पोहोचली आहे, ह्याचा मुंबईकराला अभिमान वाटतो आणि तो वाटावयासच हवा. तेथील डॉक्टरांच्या हाताला यश आहे, आणि गरिबाला तेथे गरीब म्हणून हाकलून देत नाहीत. परंतु औषध मिळाले म्हणजे सारे मिळाले काय? आईला काय झाले आहे हे डॉक्टर हिंदीत सांगतात आणि शाळेत चार अक्षरे हिंदी शिकलेला दहा-बारा वर्षांचा मुलगा ते आपल्या भाषेत तिला सांगतो. कर्करोग म्हणजे काय, किती दिवस उरले आहेत, हे आईच्या तोंडावर सांगण्याचे काम त्या पोराच्या वाट्याला यावे, ह्याहून क्रूर दुभाषेगिरी कोणती? दवाने ज्याच्या तोंडाची चव गेली आहे त्याला भात आणि माशाचे पातळ कालवण हवे असते. पदपथावर मिळते ती वडापावाची जोडी. रोगी औषध अर्धवट टाकून गावी निघून गेला की आपण त्याच्या अडाणीपणावर खापर फोडतो आणि मोकळे होतो.

हा अनुभव मुंबईला नवा नाही. १८९६ साली ह्या शहरात प्लेग शिरला तेव्हा सरकारी माणसे रोग्याला घरातून उचलून आर्थर रोडच्या रुग्णालयात नेऊ लागली. हेतू वाईट नव्हता. पण तेथे आपले कोणी नाही, आपले अन्न नाही, आपल्या धर्माची चाड नाही, गेलेला परत येत नाही, अशी समजूत पसरली. आणि त्या ऑक्टोबरात गिरणी कामगारांच्या जमावाने त्या रुग्णालयावरच हल्ला केला. आज तेच कस्तुरबा रुग्णालय म्हणून आपण ओळखतो. पुढे निरनिराळ्या जातिजमातींना आपापली प्लेगची रुग्णालये उघडण्याची मोकळीक मिळाली, तेव्हा रोग लपविणारी माणसे तेथे जाऊ लागली. रोग तोच होता आणि औषधही फारसे निराळे नव्हते. शुश्रूषा करणारा हात मात्र ओळखीचा होता. परळच्या संस्थेला ज्यांचे नाव आहे त्या हाफकिन यांनी लस तयार केली, तेव्हा लोक टोचून घेण्यास भीत होते. आगाखानांनी आपल्या खोजा अनुयायांसमोर स्वतः टोचून घेतले, आणि शंभर सरकारी जाहीरनाम्यांनी जे झाले नसते ते झाले. जातवार रुग्णालये आज पुन्हा काढावीत असे आम्ही म्हणत नाही. ते दिवस गेले, बरे झाले. परंतु रोग्यापर्यंत औषध पोहोचावयाचे तर त्याच्या भाषेतून आणि त्याच्या चुलीवरून पोहोचते, हा त्या दिवसांचा धडा आपण का विसरावा?

आणि इतर कोणी विसरले तरी परळ-लालबागने विसरू नये. हा भाग वसविला कोणी? रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा, कोल्हापूरकडून वळकटी आणि पत्र्याची पेटी घेऊन बोटीने नि आगगाडीने उतरलेल्या माणसांनी. गिरणीने त्यांना काम दिले, पण राहावयास काही दिले नाही. तेव्हा त्यांनी गावकीची खोली घेतली. दहा बाय बाराच्या त्या खोलीत एकाच गावची वीस-पंचवीस माणसे असत. पहिल्या पाळीचा उठून गेला की रात्रपाळीचा त्याच जागेवर अंग टाकी. भिंतीवर ग्रामदैवताची तसबीर, कोनाड्यात टाळ-मृदंग, आणि वहीत वर्गणीचा हिशोब. कोणी आजारी पडला तर त्याला गावी पोहोचविण्याचा, मेला तर त्याच्या क्रियाकर्माचा खर्च त्या वर्गणीतून निघे. नवखा पोरगा मालवणीत बोलला म्हणून त्याला तेथे हसणारा कोणी नव्हता. खाणावळवाली बाई कोकण्याला माशाची आमटी देई, घाटावरच्याला भाकरी देई, आणि पगार होईपर्यंत उधारी लिहून ठेवी. ह्या बायकांना सावकाराच्या कचाट्यातून सोडविण्यासाठी १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि बँकांना त्यांच्या दाराशी आणले. १९८२चा संप होऊन गिरण्यांची धुराडी थंडावली. पण ह्या खोल्यांनी आणि खाणावळींनी जी माणसे जगविली त्यांची नातवंडे आज त्याच भागातल्या उंच इमारतींत राहात आहेत.

पांढरपेशांनीही ह्याहून निराळे काही केले नाही. कारवार-मंगळूरकडच्या चित्रापूर सारस्वतांनी १९०६ साली शामराव विठ्ठल बँक काढली आणि १९१५ साली गावदेवीला सहकारी घरे बांधली. गोव्याच्या ख्रिस्ती खलाशांनी आणि आचाऱ्यांनी गिरगाव-धोबीतलावाकडे गावोगावचे 'कूड' उघडले. प्रत्येकात एक वेदी, सायंकाळी प्रार्थना, आणि भिंतीशी रचलेल्या पेट्या. माटुंग्याच्या मद्रासी कारकुनाला केळीच्या पानावर सांबार-भात मिळावा म्हणून तेथे भोजनगृहे निघाली, आणि पुढे आपण सारे तेथे रांगा लावून जेवू लागलो, हा भाग अलाहिदा! खुद्द महापालिकेने तमिळ, तेलुगू, कन्नड, उर्दू, गुजराती अशा कितीतरी भाषांतून शाळा चालविल्या. त्यामुळे मराठी बुडाली असे कोणी म्हटल्याचे आम्हांस आठवत नाही.

असा हा आपला इतिहास असताना २०२१ साली काय घडले ते आठवा. म्हाडाने लालबाग-परळच्या करी रोड परिसरातील शंभर घरे टाटाच्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी देऊ केली. मे महिन्यात किल्ल्या समारंभाने दिल्या गेल्या. जूनमध्ये स्थानिक रहिवाशांची तक्रार पुढे आली आणि मुख्यमंत्र्यांनी त्या निर्णयास स्थगिती दिली! त्यावर गदारोळ झाला तेव्हा लगोलग भोईवाड्यानजीक बॉम्बे डाइंग गिरणीच्या जागेवरील शंभर घरांचा पर्याय पुढे करण्यात आला.

रहिवाशांना आम्ही सरसकट दोष देणार नाही. करोनाचे दिवस होते, मनात भय होते. शिवाय ज्या गिरणी कामगारांच्या घामावर ह्या जमिनींचे सोने झाले, त्यांचे आणि त्यांच्या वारसांचे घरांसाठी दीड लाखाहून अधिक अर्ज पडले आणि त्यातल्या थोड्यांनाच घर मिळाले. आपल्या माणसाला नाही आणि परक्याला आहे, हे पाहून कोणाच्याही पोटात तुटेल. पण त्या अन्यायाचा जाब मंत्रालयाला आणि गिरणीमालकांना विचारावयाचा, की केमोथेरपी घेऊन पायरीवर बसलेल्या बंगाली बाईला? ज्याचा आजा एका खोलीत पंचविसावा म्हणून झोपला, त्यानेच 'हे लोक आमच्या इमारतीत नकोत' म्हणावे, हे आमच्या मनाला लागले.

'मुंबईत यावयाचे तर मराठी शिकावे', असे कोणी म्हणेल. जो येथे राहावयास, कमवावयास आला त्याने मराठी शिकलेच पाहिजे; त्या बाबतीत आमचे मत तसूभरही ढळलेले नाही. परंतु जो तीन महिन्यांसाठी मरणाशी झुंजावयास आला आहे त्याच्यापुढे बाराखडी ठेवणे हा भाषाभिमान नव्हे. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र मिळाला, आणि तो मिळविण्यात परळ-लालबागच्या कामगाराचा वाटा मोठा होता. तेव्हापासून आपण ह्या शहराचे यजमान आहोत असे अभिमानाने सांगतो. यजमानाने आल्यागेल्याची भाषा समजून घ्यावयाची असते. लंडनमधल्या मराठी माणसाने १९३२ सालीच तेथे महाराष्ट्र मंडळ काढले. कलकत्त्याला हाजरा रोडवर महाराष्ट्र निवास आहे. तेथे पिठल्याचा वास सुटला म्हणून कोणी इंग्रज अथवा बंगाली बाबू मोर्चा घेऊन आल्याचे ऐकिवात नाही.

परळ-दादरमध्ये काहीच होत नाही असेही नाही. दादरची गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती कितीतरी रोग्यांना आसरा देत आली आहेत. २००६ साली सुरू झालेल्या सेंट ज्यूडच्या केंद्रांत कर्करोगी मुलाच्या आईला शिधा आणि स्वयंपाकाची जागा दिली जाते, आणि ती आपल्या मुलासाठी आपल्या गावचे जेवण आपल्या हाताने रांधते. ही साधी गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. दानाचे ताट पुढे आले की माणूस ओशाळतो. चूल मिळाली की ताठ बसतो. पण ह्या साऱ्या संस्थांच्या खाटा मिळूनही पदपथ रिकामा होत नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे की, महापालिकेने आणि रुग्णालयांनी मिळून पगारी दुभाषे नेमावेत. त्यांना शोधण्यास लांब जावयास नको. काळबादेवीच्या सोनारकामात बंगाली कारागीर पिढ्यान्‌पिढ्या आहेत, शिवाजी पार्कला बंगाल क्लबची दुर्गापूजा दरसाल भरते, आणि भोजपुरी बोलणारा तर शेजारच्या दूधकेंद्रावर भेटेल. रुग्णालयांच्या आसपास सार्वजनिक स्वयंपाकघरे उघडावीत. नाममात्र भाड्याने गॅस, भांडी आणि बसावयास पाट, एवढे तेथे असले तरी पुरे. ती चालवावयास खाणावळीचा पिढीजात अनुभव असलेल्या बायका ह्याच चाळींतून मिळतील, आणि त्यांनाही चार पैसे होतील.

राहता राहिला जागेचा प्रश्न. लालबागपासून दादरपर्यंत गणेशोत्सव मंडळांची, व्यायामशाळांची, ग्रामस्थ मंडळांची किती कार्यालये वर्षातले दहा महिने कुलुपात असतात, त्यांची मोजदाद कोणी केली आहे काय? लालबागच्या राजाच्या मंडळाने डायलिसिसचे केंद्र चालवून दाखविले आहे, तेव्हा मंडळांच्या कर्तबगारीबद्दल आम्हांस शंका नाही. प्रत्येक मंडळाने दोन कुटुंबे पत्करावीत. उत्सवाच्या तयारीच्या बैठका लवकरच सुरू होतील. वर्गणी, मूर्ती आणि रोषणाई ह्यांच्या खाली विषयपत्रिकेवर ही एक ओळ लिहावयास कार्यवाहांना फार शाई लागणार नाही.