सल्ला यंत्राचा, मान कामगाराची

१८ फेब्रुवारी २००३ रोजी दक्षिण कोरियातील देगू शहराच्या भुयारी रेल्वेत एका माणसाने आग लावली. त्या गाडीतील बहुतेक उतारू बाहेर पडले. मृत्यूने गाठले ते मुख्यतः समोरून आलेल्या दुसऱ्या गाडीतील उतारूंना. नियंत्रण कक्षाने ती गाडी वेळीच रोखली नाही. जळत्या गाडीशेजारी ती उभी राहिली आणि वीजप्रवाह तुटला. चालक आदेशाची वाट पाहत राहिला व अखेरीस किल्ली काढून घेऊन निघून गेला. मागे दारे बंदच होती. एकूण १९२ माणसे प्राणास मुकली.

यावर तंत्रज्ञांचा उपाय असा की, नियंत्रकाच्या हाताशी संगणक द्यावा. धूर कोठे आहे, कोणती गाडी कोठे थांबवावी, पंखे कोणत्या दिशेने फिरवावेत, हे तो क्षणार्धात सुचवील. आमचा यंत्राला विरोध नाही. १९९६ साली इंग्लिश खाडीखालील बोगद्यात आग लागली, तेव्हा तेथील आणीबाणीची कार्यपद्धती अतिशय गुंतागुंतीची असल्याचे चौकशीत आढळले. भांबावलेल्या माणसाला यंत्राने अवश्य साहाय्य करावे.

परंतु देगूच्या डब्यांतील आसने भडकून विषारी धूर ओकणारी होती आणि गाडीवर कर्मचारी एकच होता. हे निर्णय आगीच्या क्षणी नव्हे, तर कित्येक वर्षे आधी, खर्चाच्या हिशेबाने झाले होते. ते कोणता संगणक फिरवणार? कारावास मात्र आग लावणाऱ्याबरोबर चालकांच्या वाट्याला आला. चालकाच्या चुकीवर आम्हाला पांघरूण घालावयाचे नाही. पण चूक तेथून सुरू झाली असे म्हणणे ही लबाडी आहे.

उद्या यंत्राचा सल्ला मानून माणसे दगावली, तर 'स्वतःची बुद्धी का वापरली नाही?' असे विचारले जाईल. न मानता दगावली, तर 'यंत्राचे का ऐकले नाही?' असे. दोन्हीकडून मान कामगाराचीच!

म्हणून यंत्र आणताना नियंत्रकांना ते घडवण्यात सहभाग द्या, पुरेशी माणसे नेमा, वारंवार सराव घ्या आणि सल्ला नाकारण्याचा अधिकार लेखी द्या. २०२५ साली मुंबईची कुलाबा ते आरे ही भुयारी मेट्रो पूर्णपणे सुरू झाली आहे. तिच्या नियंत्रण कक्षात बसणाऱ्यांसाठी हेच मागणे आज मागितले पाहिजे. धूर दिसू लागल्यावर नव्हे.